पाच वाजताची ताई

१ सप्टेंबर

रविवारची संध्याकाळ, मागच्या जिन्याच्या पायऱ्या आणि कॅनव्हासच्या बुटांचे दोन जोड. ओला खडू फिरवून आम्ही ते पांढरे करायचो. डावे ताई, उजवे मी. असं का, ते कधी ठरलं नव्हतं. सोमवारी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रांगेतून बूट बघत जायच्या आणि विचारायच्या की या दोघी बहिणींचा डावा बूटच नेहमी जास्त पांढरा कसा? मी उजवा बूट डाव्यामागे लपवायचे. ताई मोठ्या मुलींच्या रांगेत मान खाली घालून हसत असायची.

आज हे आठवायचं कारण – जुनं व्हिडिओ कॉलचं अॅप बंद होणार! सकाळी चहा घेताना टॅब्लेटवर पत्र आलं. 'आम्ही तुमच्यासाठी नवे, अधिक सुंदर घर बांधले आहे. ३० तारखेनंतर जुने घर राहणार नाही.' खाली दोन बटणं – 'आत्ताच चला' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' असं बटणच नाही.

नऊ वर्षं रोज पाच वाजता ताई या अॅपमध्ये येते. इथे संध्याकाळचे पाच, तिच्या देशात सकाळचे साडेसात. ती गाऊनमध्ये, हातात पहिला चहा. मी दिवसभराची दमलेली, हातात शेवटचा. ती विणते, मी शब्दकोडं सोडवते. बोलतोच असं नाही. साध्या फोनवर आम्हाला हे जमत नाही – चार मिनिटांत विषय संपतात आणि दोघी हवामानावर येतो. तिला तिकडे जाऊन एकतीस वर्षं झाली. मला 'छोटी' म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय. बाकी सगळ्यांची मी आई, मावशी, मॅडम.

२ सप्टेंबर

मुलीला फोन केला. म्हणाली, आई, दहा मिनिटांचं काम आहे. स्वतःच्या लग्नाच्या वेळी पण तिने हेच सांगितलं होतं.

संध्याकाळी ताईला सांगितलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं चित्र गोठलं. जुन्या अॅपमध्ये ती दर पाच मिनिटांनी गोठतेच – कधी डोळे अर्धे मिटून, कधी कप ओठाला लावून. पण नाही, ती नुसतीच गप्प होती. मग म्हणाली, "तू जा हो नव्यात. मी आहे तिथे बरी आहे."

आहे तिथे म्हणजे कुठे? ते बंदच होतंय ना!

४ सप्टेंबर

नव्या अॅपमध्ये प्रवेश मिळवायचा प्रयत्न. आधी मी जिवंत आहे हे सिद्ध करायचं. 'डावीकडे वळा.' वळले. 'डोळे मिचकवा.' मिचकवले. 'हसा.' हसले. 'कृपया हसा.' हसतच होते! तीन वेळा तेच. शेवटी पडद्यावर आलं की तुमचे हसू ओळखता आले नाही, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

आम्हाला शाळेत दात न दाखवता हसायला शिकवलंय. सिस्टर म्हणायच्या, दात हे जेवणाचं साधन आहे. त्यांचं शिक्षण पुढे असं आडवं येईल हे कुणाला माहीत होतं?

५ सप्टेंबर

चोवीस तासांनी दात दाखवले. जिवंत आहे असं ठरलं.

७ सप्टेंबर

कपाट आवरताना निळा कागद हाती आला. माझ्यामागे कुणाला काय द्यायचं त्याची यादी. मुलीने दोन वर्षांपूर्वी लिहून मागितली होती – अगदी सहज, भाजी काय आणू विचारावं तशी. शिलाई मशीन तिला. शब्दकोश वाचनालयाला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये निरोपाला मिळालेलं घड्याळ तिच्याच मुलाला. ताईच्या नावापुढे लिहिलंय – 'काही नाही. फार लांब आहे.'

बरोबरच आहे म्हणा. पण वाचून कसंसंच झालं. घडी घालून ठेवून दिला.

९ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे निळा झगा शिवायला टाकला होता, तो आणला. बाहीची काजं परत तिरकी! त्याला म्हटलं, तर तो उलट म्हणतो की अगदी तुमच्यासारखीच एक बाई हल्ली येते. मापं तीच, बाहीचं रडगाणं तेच, हे निळं कापडही तिने तुमचं बघूनच पसंत केलं. मी म्हटलं, मग तिची तरी काजं सरळ कर.

येताना घरासमोरच्या शाळेच्या मैदानाला वळसा घालून आले. मैदानापलीकडच्या पिवळ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक विक्षिप्त बाई राहते. दिवसभर खिडकी सताड उघडी, आणि पाचच्या आधी घट्ट पडदा. सहाला पुन्हा उघडा. माणसं अंधार पडल्यावर पडदे लावतात, ही उजेडात लावते. असतात एकेक.

१२ सप्टेंबर

ताई आज पाच वेळा गोठली. त्यातलं एक गोठणं बरोबर समोरच्या शाळेच्या सव्वापाचच्या घंटेला. आम्ही दोघी हसलो – म्हणजे मी हसले, ती हलायला लागल्यावर हसली.

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर मुलीला कधी कळायचं नाही. आमच्या शाळेत पहिल्या घंटेला पुतळा व्हायचं. जिथे असाल तिथे, जशा असाल तशा. डबा उघडत असाल तर झाकण हातात. दुसरी घंटा झाली की सायलेन्समध्ये वर्गात. चाळीस मुली मैदानात पुतळ्यासारख्या, आणि मधून एखादं कुत्रं निवांत फिरतंय! ती सवय आम्हा दोघींची अजून सुटलेली नाही. समोरच्या शाळेची घंटा झाली की माझं पेन हवेत थांबतं. या शाळेला दुसरी घंटाच नाही, म्हणून मनात दहा मोजायचे. हा नियम ताईचा.

गंमत म्हणजे ही घंटा मला नेहमी दोनदा ऐकू येते. एकदा खिडकीतून, एकदा टॅब्लेटमधून. जुन्या अॅपचा प्रतिध्वनी. माझं बोलणंसुद्धा असंच परत येतं. स्वतःचंच बोलणं दोनदा ऐकून मी जरा शहाणी व्हायला हवी होते.

१६ सप्टेंबर

ताई ऐकत नाही. आजची कारणं – तिचं मशीन जुनं आहे. डोळे दुखतात. नव्यात म्हणे आपण कुठे आहोत ते सगळ्यांना कळतं.

मी म्हटलं, कळू दे की, तू काय दरोडा घालून पळाली आहेस? ती म्हणाली, "छोटी, तुला काही कळत नाही." हे मात्र ती माझ्या वयाच्या चौथ्या वर्षापासून म्हणते आहे.

नंतर मला उगीच सहा वर्षांपूर्वीचं आठवत राहिलं. भावजी होते तेव्हा. ती तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आली होती. तीन दिवस नुसतं हसणं. चौथ्या दिवशी तिने माझं टॉवेलांचं कपाट उपसलं आणि सगळ्या टॉवेलांच्या सिस्टरांनी शिकवल्या तशा तिहेरी घड्या घातल्या. मी दुहेरी घालते. त्यावरून जे सुरू झालं ते आईच्या आजारपणापर्यंत गेलं – कोण आलं, कोण नाही आलं. शेवटी मी म्हटलं, "ताई, आपण पडद्यावरच बऱ्या."

ती हसली होती. मीही हसले होते. पण तिने परतीची तारीख अलीकडे घेतली. भावजी गेले तेव्हाही म्हणाली की नको येऊ, पडद्यावरच बघू. मी तेव्हाही समजले नाही.

२० सप्टेंबर

नव्या अॅपवर मुलीबरोबर सराव. मागे आपोआप समुद्रकिनारा येतो. छान आहे, पण तो माझा उजवा कान गिळतो. कप उचलला की कपही गिळतो. मुलगी म्हणाली, आई, तू हवा पितेस असं दिसतंय.

२३ सप्टेंबर

आठ दिवस राहिले. 'नंतर आठवण करा' हे बटणही आज नाहीसं झालं.

२७ सप्टेंबर

आज भीक मागितली. दुसरा शब्द नाही.

आधी रागावले, मग मस्करी केली, तिच्या मुलाला सांगेन म्हणाले. ती सुया चालवत राहिली. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तू नाही आलीस तर पाच वाजता मी काय करू?"

सुया थांबल्या. चित्र गोठलं नव्हतं, लोकरीचा धागा ती बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "बरं."

पाठोपाठ म्हणाली, "पण पडदा बिडदा काढायला सांगू नकोस." कुणी सांगितलं? तिच्यामागे नेहमी तो हिरव्या पानांचा पडदा असतो. मला आवडतो.

२९ सप्टेंबर

ताई नव्यात आली! तिला दात दाखवायला चार दिवस लागतील अशी माझी भीती होती, पण तिला पहिल्याच फटक्यात हसू आलं. तिकडे राहून बिघडली.

आणि किती स्पष्ट! नऊ वर्षं मी एका धुरकट ताईशी बोलत होते. ही खरी. भांग रुंद झालाय. हनुवटीवरचा तीळ आहे तिथेच आहे. कपातून वाफ निघतेय तीसुद्धा दिसते. गाऊनच्या बाहीतून आणखी एक निळी बाही डोकावत होती. तिकडे थंडी पडली असणार. सकाळी साडेसातला इतकी टवटवीत कशी काय, कोण जाणे. मी त्या वेळी माणसात नसते.

तिच्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहून येतं – 'जवळपास'. वाचून डोळ्यांत पाणीच आलं. यंत्राला पण कळतं.

३० सप्टेंबर

जुनं अॅप शेवटचं उघडलं. आत कुणी नव्हतं. ताईचा गोठलेला एक चेहरा होता, कप ओठाला लावलेला. टॅब्लेटला नमस्कार केला. मुलीला सांगणार नाही.

१ ऑक्टोबर

घंटा अजून दोनदा ऐकू येते! नव्यात प्रतिध्वनी अजिबात नाही असं त्यांनी छातीठोक लिहिलंय. माझा आवाज खरंच परत येत नाही. फक्त घंटा येते.

मदत केंद्राला फोन लावला. मदतवाल्याने आधी माझं अभिनंदन केलं, कशाचं ते सांगितलं नाही. मग त्याने पाठ केलेलं वाचायला घेतलं. मी त्याला थांबवलं. म्हटलं, बाबा, मी अठ्ठावीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडले. श्वास घे, आणि माणसाशी बोल. तो एकदम सुधारला. 'जवळपास'चंही विचारलं. परदेशातल्या माणसापुढे हे का येतं? तो म्हणाला, चूक असणार मॅडम, नवीन आहे ना सगळं, काहींना त्यांचं स्वतःचं घरही लांब दाखवतंय.

घंटेसाठी त्याने उपाय दिला. घंटेच्या वेळी स्वतःचा आवाज पूर्ण बंद करून बघा. तरीही टॅब्लेटमधून आली, तर ती तुमच्याकडून जात नाही, समोरून येते.

समोरून कशी येईल? सात समुद्रांपलीकडे कुठली आलीय या शाळेची घंटा!

३ ऑक्टोबर

मदतवाल्याचा उपाय करून बघितला.

पाच वाजून बारा मिनिटांनी मी माझा आवाज बंद केला. ताईला सांगितलं नाही. खिडकीही लावून घेतली. ती मोजे विणत होती. सव्वापाच. खिडकीच्या काचेतून घंटा बारीक ऐकू आली – आणि टॅब्लेटमधून चांगली खणखणीत.

आणि ताई गोठली!

सुया हवेत. तोंड किंचित उघडं. मी म्हटलं, चला, नवं पण गोठतंय. मग दिसलं – कपातून वाफ वर जात होती. मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. अॅप चालू होतं. फक्त ताई थांबली होती. मी मनात मोजले. बरोबर दहाला तिच्या सुया हलल्या.

माझा आवाज बंद होता. माझ्याकडून तिला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. ती घंटा तिने तिच्या कानांनी ऐकली होती.

सहाला ताई म्हणाली, चल, कामाला लागते, दिवस सुरू झाला. टॅब्लेट अंधारला. मी खिडकी उघडून मैदानापलीकडे बघत उभी राहिले. पिवळ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका हाताने पडदा बाजूला केला. हिरवी पानं, उलट्या बाजूने.

४ ऑक्टोबर

पाच वाजता बोललो. मी काही विचारलं नाही. तिने तिकडच्या धुक्याचं वर्णन केलं. चांगलं केलं.

५ ऑक्टोबर

आज टॅब्लेट ठेवला घरी, फोनवरूनच ताईला लावला, आणि लावला तो चप्पल घालूनच. ती म्हणाली, "कुठे निघालीस?" म्हटलं, पाय मोकळे करायला. तिला आकाश आणि माझ्या नाकपुड्या दिसत असणार. शाळेचं फाटक, मैदानाची कड, शिंप्याचं दुकान. ती सांगत होती की आज तिकडे सूर्यच उगवला नाही. मी हं हं करत होते. जिन्यात धाप लागली तशी ती बोलायची थांबली. माझ्यामागची भिंत तिला ओळखीची वाटली असणार.

"छोटी, तू आहेस कुठे?"

"जिन्यात."

"कुणाच्या?"

"ते तू सांग."

मी तिसऱ्या मजल्यावर पोचले. डावीकडचं दार. ताई नेहमी डावीकडेच असते. मग तिचा आवाज फोनमधून आणि दारातून एकदमच आला – "थांब. गाऊन काढू दे आधी."

दार उघडलं. गाऊन अर्धा डोक्यात अडकलेला. खाली निळा झगा, अगदी माझ्यासारखा, काजं तिरकी! दोघींच्या हातातले फोन एकमेकांजवळ आले आणि असे किंचाळायला लागले की खालच्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं. पडद्यावर अक्षरं आली – 'एकाच खोलीत दोन उपकरणे आढळली. एक बंद करा.'

कुठलं बंद करायचं ते आम्हाला कळेना. आम्ही रडत होतो, आणि दात दिसत होते.

६ ऑक्टोबर

सात महिने! सात महिने ती इथे आहे. भावजींनंतर ते घर तिला एकटीला मोठं झालं. मुलाला तिने शपथ घातली होती की मावशीला सांगायचं नाही. रोज साडेचारला पडदा ओढायचा, दिवा लावायचा, गाऊन चढवायचा, केस विस्कटायचे. जांभई तेवढी तिला जमली नाही म्हणे.

मी विचारलं, का गं? ती माझ्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, मागे न वळता बोलली. "तूच म्हणाली होतीस ना, पडद्यावरच बऱ्या. तरी मी पहिल्याच दिवशी येणार होते. पाच वाजले, तुझा फोन आला. तू इतकं छान बोललीस की म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी पण तू छान बोललीस."

मी फडका घेऊन शेजारी उभी राहिले. मग ती म्हणाली की मी दहाला झोपते असं सांगते आणि माझ्या खिडकीतला दिवा अकराला जातो, हे तिला सात महिने माहीत आहे. मी तिला धुक्याबद्दल विचारलं. फिटंफाट.

८ ऑक्टोबर

ताई रोज येते. हसून हसून बरगड्या दुखतात. उद्या चौथा दिवस.

९ ऑक्टोबर

टॉवेल.

तिने कपाट उघडलं, मला दिसलं, मी काही बोलले नाही. तिने पहिला टॉवेल उचलला, मी बोलले. मग सगळं झालं – आई, आजारपण, एकतीस वर्षं, कोण आलं, कोण नाही आलं. ती पाय आपटत निघून गेली. मी खिडकीत. मागच्या वेळी मध्ये समुद्र होता. या वेळी मैदान. ती मैदानाच्या मधोमध पोचली आणि सव्वापाचची घंटा झाली.

ती थांबली. एक पाय पुढे, पिशवी हवेत. मी खिडकीत थांबले, हात गजावर. पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी धावत गेली, एकाने वळून बघितलं. मी दहा मोजले. ती हलली नाही. मीही नाही. दुसरी घंटा या शाळेला नाहीच, म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी आधी हलायला हवं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. पोरं घरी गेली. शिपाई फाटक लावायला आला, तिच्याकडे बघत उभा राहिला.

मी हात वर केला.

ती वळली. परत आली, तीन जिने चढून. दारात म्हणाली, चष्मा विसरला. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

१० ऑक्टोबर

निळा कागद खोडून पुन्हा लिहिला. शिलाई मशीन – मुलीला. शब्दकोश – वाचनालयाला. घड्याळ – नातवाला. टॅब्लेट आणि त्याचा स्टँड – मुलीला, आत्ताच; पाच वाजता तिने लावावा, आम्ही दोघी एकदम दिसू. गाऊन – शिंप्याला, फडक्यासाठी. हिरवा पडदा – माझ्या खिडकीला.

ताईला – किल्ली. कपाटाचा डावा कप्पा, घड्या तिच्या. घराची डावी बाजू. हे माझ्यामागे नाही. रविवारी सामान येतंय.